तळ्यात-मळ्यात उभ्या असलेल्या मतदाराला अमेरिकेतला प्रचार खरोखर वळवतो का?

ओवरी (प्रश्न)

मी साताऱ्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, तरी बहिणीचा नातू यंदा बारावीला असल्यामुळे प्रश्नांपासून माझी सुटका झालेली नाही. परवा त्याने एक आकडा माझ्यापुढे ठेवला. २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत १५ कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. देशभरात बायडन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे ७० लाख मते जास्त मिळाली. तरीही ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ अशा किरकोळ मताधिक्याने आलेली तीन राज्ये हातची गेली असती, तर निर्वाचक मतांचा ३०६ विरुद्ध २३२ हा निकाल २६९-२६९ अशा बरोबरीवर येऊन अडकला असता. या तिन्ही फरकांची बेरीज अवघी ४२,९१८ होते.

इथपर्यंतचे गणित मी त्याला समजावू शकले. अध्यक्षाची निवड राज्याराज्यांतून आलेले निर्वाचक करतात. एकूण निर्वाचक ५३८ असतात आणि बहुमताला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्याच पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात ५० लाखांनी जिंकले काय आणि पाच मतांनी जिंकले काय, फळ तेच. त्याचा पुढचा प्रश्न मात्र मला अडवून बसला आहे. "आजी, मग ही काही हजार माणसे आहेत तरी कोण, आणि त्यांना कोणी, काय सांगून आपल्या बाजूला आणले?"

आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात 'दोलायमान मतदार' असा शब्द होता, आणि असा मतदार दोन्ही उमेदवारांची धोरणे तपासून शेवटी निर्णय घेतो, अशी एक ओळ त्यापुढे होती. ही ओळ मी पंचवीस वर्षे वर्गात वाचून दाखवली. आता तिच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही. जे तिकडे राहतात किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया लिहावे. कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हा या धाग्याचा विषय नाही, एवढे पथ्य सर्वांनी पाळावे ही विनंती.


डेलावेअरकाठ

ओवरीताई, मी पेन्सिल्व्हेनियातील बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, गेली चौदा वर्षे राहतो. २०२४ च्या निवडणुकीआधी सहा शनिवार मी स्वयंसेवक म्हणून दारोदार हिंडलो. कोणासाठी हिंडलो ते तुमच्या विनंतीला मान देऊन गाळतो.

आपल्याकडे कार्यकर्ते गल्लीत शिरले की ओळीने सगळी दारे वाजवत जातात आणि मागे एखादा ढोलही असतो. इथे तसे नसते. रस्त्यावरच्या बावीस घरांपैकी फक्त चार घरांत जायचे आहे, हे मोबाइलमधले ॲप आधीच सांगते. मतदारयादीत नाव, वय आणि पत्ता तर असतोच, शिवाय त्या व्यक्तीने मागच्या कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले याचीही नोंद असते. मत कोणाला दिले हे अर्थातच नसते, पण दिले की नाही एवढे कळते. पेन्सिल्व्हेनियात मतदार नावनोंदणी करतानाच आपला पक्ष लिहू शकतात आणि तेही यादीत दिसते. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि जॉर्जियात अशी पक्षनोंदणी नसल्यामुळे तिथे सारा कारभार अंदाजावर चालतो. या यादीवर बाजारातून विकत घेतलेल्या माहितीचे थर चढवले जातात आणि त्यातून प्रत्येक मतदाराला गुण दिले जातात. दारावर बोलणे झाले की आम्ही १ ते ५ पैकी एक आकडा दाबायचा. १ म्हणजे आपला पक्का, ५ म्हणजे समोरच्याचा पक्का आणि ३ म्हणजे अजून काही ठरलेले नाही. सगळा आटापिटा या ३ आकड्यासाठी चालतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी लेव्हिटाउनमध्ये होतो. १९५० च्या दशकात एकाच साच्यातून काढावीत तशी बांधलेली आणि मुख्यतः शेजारच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी भरलेली ही वसाहत आहे. ॲपने दाखवलेल्या घरापुढे पन्नाशी उलटलेल्या एक बाई दाताळ्याने पाने गोळा करत होत्या. त्यांनी २०१२ मध्ये ओबामांना, २०१६ मध्ये ट्रम्प यांना आणि २०२० मध्ये बायडन यांना मत दिल्याचे विनासंकोच सांगितले. मी पत्रक पुढे केले. हातात मोजे असल्यामुळे त्यांनी ते घेतले नाही, उलट मलाच विचारले, "तुम्ही याच भागात राहता ना? तुमच्या घराच्या विम्याचा हप्ता यंदा किती आला?" पुढची पंधरा मिनिटे आम्ही हप्ता, त्यांच्या मुलाला न परवडलेले भाडे आणि त्यामुळे तो पुन्हा आईकडे राहायला आला, याच विषयांवर बोललो. मला दिलेल्या टिपणात कर, सीमा, गर्भपाताचा हक्क असे सहा मुद्दे होते. घराच्या विम्याचा त्यात उल्लेखही नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, "दोघांपैकी कोणीही आले तरी हप्ता उतरणार नाही, हे मला कळते. पण निदान कोणाला तरी याचा राग आलेला दिसायला हवा." मी ३ दाबला. टपालपेटीत पत्रक टाकणे इथे बेकायदा आहे, कारण ती पेटी कायद्याने फक्त तिकीट लावलेल्या टपालासाठी राखीव असते. म्हणून ते दाराच्या मुठीला अडकवून मी पुढे गेलो.

आणखी एक गोष्ट सांगतो. २० ऑक्टोबरला याच काउंटीतल्या फीस्टरव्हिल येथे ट्रम्प यांनी मॅकडॉनल्ड्समध्ये ॲप्रन बांधून बटाट्याच्या सळ्या तळल्या. दुकान त्या वेळेपुरते बंद होते आणि खिडकीशी येणाऱ्या गाड्याही आधीच निवडलेल्या होत्या, त्यामुळे हा निव्वळ देखावा आहे अशी टीका झाली, आणि तो देखावा होताच. पण त्यानंतरच्या शनिवारी तीन वेगवेगळ्या दारांत लोकांनी तो विषय आपणहून काढला. सहा शनिवारांत कोणाच्याही जाहीरनाम्याविषयी आपणहून बोललेला एकही माणूस मला भेटला नाही. बक्स काउंटी ट्रम्प यांनी काहीशे मतांनी जिंकली. १९८८ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवाराला मताधिक्य मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. सळ्यांमुळे मिळाले असे मी म्हणत नाही, आणि नाही असेही छातीठोकपणे म्हणवत नाही.


आकडेमोड

वरचा अनुभव अतिशय वाचनीय आहे, पण त्यातून दारोदार प्रचाराने मतदार वळतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. डेलावेअरकाठ यांनीही तो काढलेला नाही, हे त्यांच्या पदरात टाकतो.

जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. हे प्रयोग असे असतात की चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही मतदारांकडे कार्यकर्ता, पत्रक किंवा फोन जातो, बाकीच्यांकडे काहीच जात नाही, आणि नंतर दोन्ही गटांतील पसंतीची तुलना केली जाते. सार्वत्रिक निवडणुकीत अशा संपर्काने मतदाराची पसंती बदलण्याचा सरासरी परिणाम शून्य आहे, असा त्यांचा सर्वोत्तम अंदाज निघाला. शून्य म्हणजे 'थोडासा' नव्हे. याचे कारणही पटण्यासारखे आहे. मतदानाचा दिवस जवळ येतो तेव्हा मतदाराच्या हाताशी पक्षाचे नाव हा सगळ्यात सोपा आडाखा असतो आणि दारातल्या अनोळखी माणसाचे बोलणे त्यापुढे टिकत नाही.

याउलट, माणसाला घराबाहेर काढून मतदान केंद्रापर्यंत नेण्यात दारावरची भेट खरोखर उपयोगी पडते. ॲलन गर्बर आणि डॉनल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात केलेल्या प्रयोगापासून हे वारंवार दिसले आहे. त्यामुळे गेल्या काही निवडणुकांत प्रचारप्रमुखांचा ओढा काठावरच्यांची मनधरणी करण्यापेक्षा आपल्या हक्काच्या पण आळशी मतदाराला उठवण्याकडे राहिला. २००४ मध्ये बुश यांचा प्रचार बऱ्याच अंशी याच धोरणावर चालला आणि ओहायो त्यांनी १,१८,६०१ मतांनी राखले.

मग काठावरच्यांवर इतका पैसा का ओततात? याचे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. घरी बसलेला आपला माणूस बाहेर आला तर फरक एका मताने मिटतो. समोरच्याचे मत आपल्याकडे आले तर त्याचे एक कमी आणि आपले एक जास्त, म्हणजे फरक दोन मतांनी मिटतो. ओवरीताईंच्या नातवाला सांगा की ४२,९१८ चा फरक पालटायला तेवढी माणसे लागत नाहीत. तीन राज्यांत मिळून साडेएकवीस हजारांच्या आतली माणसे फिरली असती तरी पुरले असते. एवढे लोक वानखेडेवर बसवले तरी खुर्च्या रिकाम्या राहतील. अवघड का होईना, पण बक्षीस दुप्पट आहे, म्हणून हा नाद कोणी सोडत नाही.


जुना_जाणता

आकडेमोड यांचे शून्य मला मान्य आहे, पण ते शून्य दारावरच्या पत्रकाचे आहे, मतदाराच्या मनाचे नाही. मी १९७४ पासून मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या परिसरात राहतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य गेले. शेजारची मॅकोम काउंटी या विषयातले तीर्थक्षेत्र मानली जाते, कारण १९६० मध्ये तिथे ६३ टक्के लोकांनी डेमोक्रॅट केनेडींना मत दिले होते आणि १९८४ मध्ये त्याच काउंटीत ६६ टक्के लोकांनी रिपब्लिकन रेगन यांना दिले. ही माणसे बदलली कशी, हे विचारायला डेमोक्रॅटिक पक्षाने १९८५ च्या सुमारास स्टॅन्ले ग्रीनबर्ग या मतचाचणीकारांना तिथे धाडले. 'रेगन डेमोक्रॅट' या नावाने पुढे ओळखले गेलेले ते हेच लोक.

ग्रीनबर्ग पोहोचले त्याच्या पाच वर्षे आधी त्यातली निम्मी माणसे माझ्यासोबत डबा खात होती. कामगार संघटनेचा बिल्ला छातीवर, वडिलांच्या घरात डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टची तसबीर, आणि १९८० मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर गेलेली. जपानी गाड्यांमुळे पाळ्या बंद होत होत्या. तेहरानच्या अमेरिकी दूतावासातील ओलीस प्रकरणाला वर्ष होत आले होते. २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या एक आठवडा आधी, तेव्हाचे अध्यक्ष कार्टर आणि रेगन यांची एकमेव समोरासमोर चर्चा झाली. समारोपात रेगन यांनी कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांना विचारले की चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत तुमचे बरे चालले आहे का, दुकानात जाऊन वस्तू घेणे आता जास्त सोपे झाले आहे का. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर कोणी रेगन यांच्या करकपातीची चर्चा केली नाही. एका फोरमनने डब्यातले सँडविच उचलून दाखवले आणि म्हणाला, "यातल्या मांसाची चकती बघा, चार वर्षांपूर्वी दोन असायच्या."

माझे म्हणणे असे आहे की त्या माणसाला रेगन यांनी काही 'पटवून' दिले नाही. त्याला जे आधीच बोचत होते, तोच प्रश्न निवडणुकीचा प्रश्न आहे असे ठरवून टाकले. वडिलांच्या तसबिरीचा प्रश्न मग मागे पडला. १९९२ मध्ये क्लिंटन यांच्या प्रचार कचेरीत त्यांचे सल्लागार जेम्स कार्व्हिल यांनी भिंतीवर अर्थव्यवस्थेची आठवण करून देणारी पाटी लावली, तीही आपल्याच माणसांनी विषय सोडून भरकटू नये म्हणून. मॅकोमने पुढे ओबामांना दोनदा आणि ट्रम्प यांना तीनदा मताधिक्य दिले. तिथल्या माझ्या परिचितांपैकी कोणालाही आपण 'दोलायमान' आहोत असे वाटत नाही. ते म्हणतात, आम्ही जागच्या जागी आहोत, पक्षच इकडून तिकडे हिंडतात.


तिरपी_रेघ

ओवरीताई, तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळीचा मूळ दोष माझ्या मते असा आहे की ती काठावरच्या मतदाराला 'मध्यम' समजते. आपण मनात एक आडवी रेघ ओढतो, डावीकडे एक पक्ष, उजवीकडे दुसरा आणि बरोबर मधोमध हा शहाणा, समतोल माणूस. प्रत्यक्षात असा मतदार मध्ये नसतो. त्याचा एक पाय पार डावीकडे आणि दुसरा पार उजवीकडे असतो.

ही गोष्ट नवी नाही. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ओहायोतील एरी काउंटीत तेच सहाशे मतदार मे ते नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटून तपासले. प्रचारादरम्यान खूप लोक इकडून तिकडे जात असतील, अशी कल्पना होती. आढळले असे की बहुतेकांचे मत आधीच ठरलेले होते, आणि जे शेवटपर्यंत रेंगाळले ते सगळ्यात जास्त विचार करणारे नव्हते, उलट राजकारणात सगळ्यात कमी रस असणारे होते. त्यातले पुष्कळ जण उलटसुलट दाबाखाली होते. धर्म एका पक्षाकडे ओढतो, धंदा दुसऱ्याकडे. सासर एकीकडे, मित्रमंडळी दुसरीकडे. अशा माणसाची पहिली प्रवृत्ती निर्णय टाळण्याची असते. (योगायोगाने पेन्सिल्व्हेनियातही एरी नावाचीच काउंटी आहे. तिने ओबामांना दोनदा, मग ट्रम्प, मग बायडन, मग पुन्हा ट्रम्प असे मताधिक्य दिले आहे. दर निवडणुकीत पत्रकारांचे तांडे तिथल्या उपाहारगृहांत जाऊन बसतात, त्याचे कारण हेच.)

आता २०२४ कडे पाहा. सात राज्यांत लढत होती: पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा. त्यांचे मिळून ९३ निर्वाचक. डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस ३ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनमधील रिपन या गावी गेल्या आणि ट्रम्प यांच्या विरोधात गेलेल्या रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी यांच्यासोबत त्यांनी सभा घेतली. रिपनची निवड मुद्दाम होती, कारण १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्षाची मुळे तिथे रुजली असे मानले जाते. संविधान आणि लोकशाहीच्या काळजीपोटी पक्ष ओलांडणाऱ्या मध्यममार्गी रिपब्लिकनांना हात देण्याचा तो प्रयत्न होता. मला तो हिशेब आडव्या रेघेवर मांडलेला वाटतो. संविधानाची चिंता हाच ज्यांचा पहिला प्रश्न होता, ते रिपब्लिकन बरेचसे आधीच पलीकडे गेलेले होते. जे उरले होते त्यांच्या मनात पहिला प्रश्न किराण्याचा होता. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली होती. पुढे तिचा वेग उतरला, पण भाव उतरले नाहीत, आणि अर्थतज्ज्ञांना जो फरक स्पष्ट दिसतो तो अंड्यांच्या खोक्यावर दिसत नाही.

नेवाडाचे उदाहरण याच्या उलट आहे. लास व्हेगासमध्ये हॉटेलांतील वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका आणि दारूच्या काउंटरवरचे कर्मचारी यांची फार मोठी संख्या आहे, आणि त्यांच्या कमाईत बक्षिशीचा वाटा लक्षणीय असतो. जून २०२४ मध्ये तिथल्याच सभेत ट्रम्प यांनी बक्षिशीवर कर नको अशी घोषणा केली. अर्थशास्त्रज्ञांनी नाके मुरडली. समान पगाराच्या दोन कामगारांपैकी एकाला बक्षिशी मिळते म्हणून त्यालाच करमाफी का, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. पण घोषणा एवढी सोपी होती की वाढप्याने रात्री खिशातल्या नोटा मोजताना तिचा अर्थ त्याला आपोआप कळावा. ऑगस्टमध्ये हॅरिस यांनीही तीच भूमिका घेतली, म्हणजे समोरच्याची चाल बरोबर होती याची जणू पावतीच दिली. २००४ नंतर प्रथमच नेवाडा रिपब्लिकन उमेदवाराकडे गेले. याचे श्रेय एकट्या घोषणेला देता येणार नाही, कारण ट्रम्प यांनी सातही राज्ये जिंकली.

थोडक्यात उलटसुलट दाबाखालच्या माणसाचे मत बदलायचे नसते. त्याच्या दोन पायांपैकी त्याने कोणत्या पायावर भार द्यावा, एवढेच ठरवायचे असते.


जुना_जाणता

तिरपी_रेघ यांनी दोन पायांचे छान सांगितले, पण एक तिसरी वाटही आहे आणि ती माझ्या घरापासून अर्ध्या तासावर दिसली. डिअरबॉर्न हे अरब वंशाच्या अमेरिकी नागरिकांचे मोठे शहर आहे. ते अनेक वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाचे हक्काचे मानले जाई. गाझातील युद्धावरून तिथे संताप होता. फेब्रुवारी २०२४ च्या पक्षांतर्गत मतदानात मिशिगनमध्ये एक लाखाहून अधिक मतदारांनी बायडन यांच्या नावासमोर खूण न करता 'कोणालाही बांधील नाही' हा पर्याय निवडला. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले, हॅरिस दुसऱ्या आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनाही तिथे भरघोस मते पडली. हे लोक मध्यावर नव्हते, उदासीन तर मुळीच नव्हते. त्यांना वळवायला समोरच्याने फार काही केले असेही नाही. आपल्यांनी ऐकले नाही, एवढे पुरले. काठावरचा मतदार शोधताना प्रचारक नेहमी कुंपणापलीकडे बघतात, आणि आपल्याच अंगणातला माणूस कुंपणावर चढून बसला आहे हे त्यांना उशिरा कळते.


ओवरी

सर्वांचे मनापासून आभार. आडवी रेघ आणि दोन पाय हे नातवाला लगेच समजले. त्याने वहीत चित्रही काढले, मात्र त्यातला मतदार धोतर नेसलेला आहे. त्याचे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला असा की तिथल्या मराठी आणि एकूण भारतीय मंडळींना वळवायचा प्रयत्न होतो का? 'अब की बार ट्रम्प सरकार' ही चित्रफीत त्याने पाहिलेली आहे. दुसरा प्रश्न डेलावेअरकाठ यांच्यासाठी: दाताळेवाल्या आजींकडे पुन्हा कोणी गेले का?


आकडेमोड

पहिल्या प्रश्नावर थोडेसे. २०१६ ची ती चित्रफीत आणि त्याच ऑक्टोबरात ट्रम्प यांनी भारतीयांपुढे केलेले भाषण, यांतले भाषण झाले एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत. २०१९ चा 'हाउडी मोदी' सोहळा ह्यूस्टनला झाला. न्यू जर्सी तेव्हा डेमोक्रॅटांच्या आणि टेक्सास रिपब्लिकनांच्या खिशात होते. देणगीदार आणि कॅमेरे तिथे असल्यामुळे गर्दी जमली, पण निर्वाचकांच्या हिशेबात त्या गर्दीचे वजन जवळपास काही नव्हते. वजन आहे ते अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत. जॉर्जियातील भारतीय वंशाच्या मतदारांची संख्या ११,७७९ या फरकाच्या कितीतरी पट आहे. तिथे गणेशोत्सवाच्या मांडवात कोणी उमेदवार आरतीला उभा दिसला, तर तो केवळ मोदकांसाठी आलेला नाही असे समजावे.


डेलावेअरकाठ

आमच्या मंडळाचा अनुभव जोडतो. भारतीय आडनाव दिसले की ॲप आम्हा भारतीय स्वयंसेवकांनाच त्या दारी धाडत असे. हेतू चांगला असला तरी व्हायचे असे की चहा मिळायचा, पोह्यांचा आग्रह व्हायचा, मूळ गाव कोणते याची चौकशी व्हायची, मुलांच्या कॉलेजची व्हायची, आणि चाळीस मिनिटांनी मला कळायचे की नवरा १ आहे, बायको ५ आहे आणि दोघांनी घरात शांतता राहावी म्हणून या विषयावर बोलायचे नाही असे ठरवलेले आहे. एका ठिकाणी तर त्या दोघांना एकमेकांचे मत माहीतच नव्हते आणि ते माझ्यासमोर उघड होऊ नये म्हणून मीच विषय बदलला. प्रचारप्रमुखाच्या दृष्टीने माझी ती दुपार वाया गेली. पोहे उत्तम होते.

लेव्हिटाउनच्या बाईंविषयी: होय, ॲपच्या नियमाप्रमाणे ३ नोंदवलेल्या घरी आठवड्याभरात दुसरा माणूस पाठवला जातो. पुढच्या शनिवारी यादी उघडली तेव्हा त्या पत्त्यासमोर 'घरी नाही' अशी नोंद दिसली. त्यानंतर मतदानाच्या आदल्या रविवारी मी स्वतःहून त्या रस्त्याने गेलो. पाने गोळा करून काळ्या पिशव्यांत भरून ठेवलेली होती. माझे पत्रक दाराच्या मुठीला होते तसेच होते आणि त्याच्यावर समोरच्या पक्षाचे पत्रक अडकवलेले होते. दार वाजवावे का याचा मी थोडा वेळ विचार केला. माझ्याजवळच्या टिपणात तोवर नवे दोन मुद्दे आले होते, पण घराच्या विम्याविषयी अजूनही काही नव्हते. मी दार वाजवले नाही.